चौदा बाय अकराच्या खोलीसाठी स्पीकर आणि सबवूफर: केईएफ क्यू१५० आणि एसव्हीएस एसबी-१००० प्रो

आधी खोली सांगतो. खोलीचं माप न देता स्पीकरची तारीफ करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. सांगलीतलं रो-हाऊस, पहिला मजला. खोली चौदा फूट लांब, अकरा फूट रुंद, उंची साडेनऊ. भिंती विटांच्या, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आणि एक दार. ते दार नीट बंद होतं, याला पुढे महत्त्व आहे. या खोलीत पासष्ट इंची टीव्हीच्या दोन बाजूंना केईएफ क्यू१५०, मध्ये त्याच मालिकेतला क्यू२५०सी सेंटर, या सगळ्यांना आवाज पुरवणारा डेनॉनचा एव्हीआर-एक्स१७००एच रिसीव्हर आणि खालचे जाड स्वर वाजवणारा एसव्हीएसचा एसबी-१००० प्रो सबवूफर, म्हणजे सब. मागच्या बाजूला दोन छोटे सराउंड भिंतीवर, कानांपेक्षा थोडे वर आणि कानांच्या किंचित मागे. त्यांच्यावर मी फार डोकं चालवलं नाही, तुम्हीही चालवू नका. छतातले ॲटमॉस स्पीकर घेतले नाहीत. साडेनऊ फुटांच्या स्लॅबखाली फॉल्स सीलिंग करून खोली बुटकी करण्यापेक्षा ते पैसे सबवर घातले. एकूण खर्चातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसा त्या एका ठोकळ्यात आहे आणि तो योग्य जागी गेलाय.

माझे वडील मिरजेत लाऊडस्पीकरचा धंदा करायचे. अहुजाचा ॲम्प्लिफायर, दोन कर्णे, चार बॉक्स, आणि टेम्पोच्या मागे वायरचं भेंडोळं सांभाळत मी. लग्न, वरात, सत्यनारायण, सगळं केलंय. त्यामुळे वॅटच्या आकड्यांना आमच्या घरात कोणी भुलत नाही. बाजारात अजूनही हजारो वॅट पीएमपीओ (क्षणभराच्या शिखराचा फुगवलेला आकडा) लिहिलेली होम थिएटरं मिळतात. वडील असा खोका उलटा करून फ्यूज बघायचे. एक ॲम्पिअरचा फ्यूज २३० व्होल्टवर २३० वॅटच्या वर सहसा घेऊ देत नाही. "आत दोनशे शिरतात, बाहेर दहा हजार कुठनं यायचे रे?" एवढंच म्हणायचे आणि खोका ठेवून द्यायचे. क्यू१५०ची संवेदनशीलता ८६ डेसिबल आहे, म्हणजे एका वॅटला एका मीटरवर एवढा आवाज. रिसीव्हर दोन चॅनेल चालू असताना ८० वॅट देतो, म्हणजे वर १९ डेसिबल. सोफा स्पीकरपासून अडीच मीटरवर असेल तर अंतरापायी आठेक डेसिबल वजा. हिशोब ९७च्या आसपास येतो. थिएटरच्या संदर्भ पातळीत मुख्य चॅनेलची शिखरं १०५ची धरतात. म्हणजे कमीच पडतंय, पण आम्ही बघतो त्या पातळीपासून अठरा डेसिबल खाली. त्याच्या वर गेलं की शेजारचे काका गॅलरीत येऊन उभे राहतात. हा हिशोब दुकानात जाण्याआधी कागदावर करा, विकणारा तुमच्यासाठी करणार नाही.

आता परीक्षेबद्दल. दुकानात डेमोला कायम हेलिकॉप्टर आणि स्फोट लावतात, आणि स्फोटाचा मूळ आवाज कसा होता हे कोणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे प्रत्येक सब त्यात पास होतो. मी पेनड्राइव्हवर तंबोरा नेला. आमच्या घरी सासऱ्यांचा मर्दानी तंबोरा आहे, मिरजेतलाच, त्या वाद्यांना २०२४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तो. काळी एक या पट्टीत लावलेला. हातातल्या रेकॉर्डरवर घरीच वाजवून घेतला, त्यामुळे खरा आवाज रोज कानावर पडतो आणि तुलना करायला माणूस मोकळा.

तंबोराच का, ते सांगतो. काळी एकमध्ये जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झला असतात आणि खर्जाची पितळी तार त्याच्या निम्म्यावर, ६९ला. होम थिएटरमध्ये बहुतेक सगळे सब आणि स्पीकर यांची वाटणी ८० हर्ट्झला करतात, सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सची शिफारसही तीच. म्हणजे एकाच तारेचा मूळ स्वर मुख्यतः सबमधून येणार आणि तिचे वरचे स्वर, जवारीची ती सगळी झणझण, पुढच्या स्पीकरमधून. ८० म्हणजे भिंत नव्हे, उतार आहे. त्या पट्ट्यात दोघंही थोडे थोडे वाजत असतात. जुळले तर खर्ज एका जागी, टीव्हीच्या मधोमध, जमिनीवर बसल्यासारखा येतो. नाही जुळले तर गुणगुण कोपऱ्यातून आणि जवारी समोरून, अशी तार फाटते. खर्जात मूळ स्वर तसा अशक्तच असतो, वरच्या स्वरांचाच भरणा जास्त, म्हणून फुगवून वाजवणारा सब इथे लगेच पकडला जातो.

पुण्यातल्या एका शोरूममध्ये माझी फाइल लावायलाच तयार नव्हते. "साहेब, यात ॲक्शनच नाही," असं तो मुलगा म्हणाला. ऐकायची खोली मात्र सुरेख, भिंतींना फोम, खाली गालिचा, आणि सबचा आवाज असा चढवलेला की पोटात कळ यावी. अशा खोलीत ऐकलेलं घरी काही उपयोगी पडत नाही. दुसऱ्या दुकानात मात्र मालकांनी स्वतः पेनड्राइव्ह लावला, डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं आणि सब बंद करून परत लावला. गिऱ्हाइकाचं ऐकणारा दुकानदार मिळाला की भावात थोडं इकडंतिकडं चालतं. तिथूनच घेतलं.

पुढच्या स्पीकरसाठी दोन जोड्या शेवटपर्यंत राहिल्या. एक एलॅकचा डेब्यू बी६.२. खालचे-मधले स्वर वाजवणारा वूफर साडेसहा इंची, आवाजाला अंग आहे आणि हवा सोडणारं भोक पुढच्या बाजूला आहे, त्यामुळे भिंतीला चिकटवून ठेवावा लागला तरी चालतो. ज्यांच्याकडे टीव्ही युनिटमध्येच स्पीकर ठेवायचे आहेत त्यांनी हा आधी ऐकावा. दुसरा क्यू१५०. याचा वूफर सव्वापाच इंचीच, पण केईएफची १९८८पासूनची युक्ती यात आहे: वरचे स्वर वाजवणारा ट्विटर वूफरच्या पोटात, मधोमध. त्यामुळे आवाज एका बिंदूतून निघतो. तंबोऱ्यात तुंबा आणि जवारी वेगवेगळ्या उंचीवरून न येता एकाच वाद्यातून आल्या. बायको गाते, तिनं दुकानात एवढंच सांगितलं, "याच्यात तारा मोजता येतात." माझ्या दृष्टीने निकाल तिथेच लागला. बास याला ५१ हर्ट्झपर्यंतच धडपणे जमतो, पण ८०च्या खालचं काम सबकडेच जाणार असल्यावर त्याचं दुःख करायचं कारण नाही. दोन बारीक तक्रारी आहेत. पुढची जाळी वेगळी विकत घ्यावी लागते. लहान मुलं असतील तर घ्याच, बोट पहिलं त्या ट्विटरकडे जातं. आणि याचं भोक मागे आहे, त्यामुळे भिंतीपासून फूटभर तरी पुढे ठेवा.

सेंटरचा निर्णय लोक शेवटी आणि घाईत घेतात. उलट करा. सिनेमातलं जवळजवळ सगळं बोलणं सेंटरमधूनच येतं. नेहमीचा आडवा सेंटर म्हणजे दोन वूफर आणि मध्ये ट्विटर. समोर बसलात तर उत्तम, पण सोफ्याच्या टोकाला बसलात की दोन्ही वूफरचा आवाज कानाशी थोडा मागेपुढे पोचतो आणि मधल्या पट्ट्यात एकमेकांना खातो. शब्दाची टोकं जातात. आमच्याकडे टोकाला आई बसते आणि "काय म्हणाला तो?" हा प्रश्न दर दोन मिनिटांनी येत असे. क्यू२५०सीमध्ये मधोमध तोच एका बिंदूचा संच आहे, त्यामुळे टोकालाही बोलणं बरंच शाबूत राहतं. ठेवताना पुढची कड फळीच्या कडेशी बरोबर आणा, आत ढकलू नका. फळीवरून परतणारा आवाज शब्द गढूळ करतो. सेंटर टीव्हीखाली असल्यानं त्याचं तोंड गुडघ्यांकडे राहतं. मी पुढून खाली लाकडाची पाचर मारून त्याला कानांकडे बघायला लावलंय. दोन रुपयांचं काम, आणि रिसीव्हरच्या कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त फरक पडला. वर सेंटरची पातळी दीड डेसिबल वाढवली. आता आईचा प्रश्न फक्त पुटपुटणाऱ्या नटांपुरता उरलाय.

आता सब. एसव्हीएसमध्ये याच किमतीच्या आसपास दोन भाऊ आहेत: बंद पेटीचा एसबी-१००० प्रो आणि भोक असलेला पीबी-१००० प्रो. दोन्हींत बारा इंची ड्रायव्हर, दोन्हींत ३२५ वॅटचा ॲम्प्लिफायर. कागदावर पीबी १७ हर्ट्झपर्यंत जातो, एसबी २०पर्यंत, आणि पीबी खालच्या पट्ट्यात जास्त जोरात वाजू शकतो. आकारानेही तो बराच मोठा आहे. एसबी तेरा-चौदा इंचांचा ठोकळा, एका माणसाला सहज उचलता येतो. अमेरिकेतले बहुतेक परीक्षणवाले पीबी घ्या म्हणतात. त्यांचं त्यांच्या घरात बरोबर आहे. तिथल्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकलेल्या. खालचा बास त्यातून बराचसा निघून जातो, भिंत स्वतः हलून तो खाते. शिवाय दिवाणखाना स्वयंपाकघराला उघडा. आपल्या विटांच्या आणि काँक्रीटच्या खोलीत बास कोंडला जातो. दार बंद केलं की खोलीच्या सगळ्यात खालच्या अनुनादाखाली (त्याचा हिशोब पुढे येतो) ती स्वतःच आवाज उचलायला लागते. बंद पेटीचा सब खाली जाताना दर सप्तकाला १२ डेसिबलनं उतरतो आणि बंद खोली त्याच सुमारास वर ढकलते, दोन्ही एकमेकांना भरून काढतात. भोकाचा सब आपल्या ठरलेल्या स्वराखाली दुप्पट वेगानं, २४नं उतरतो, पण तोवर खोलीनं आधीच फुगवटा आणलेला असतो. माझ्या खोलीत पीबी म्हणजे घुमणंच जास्त झालं असतं. एसबीच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये हा फुगवटा कमी करायची सोयही आहे.

या मापाच्या खोलीतली मुख्य भानगड आकड्यांत सांगता येते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरा, खोलीच्या लांबीच्या दुपटीनं भागा. चौदा फुटांना ४० हर्ट्झ येतात, अकरा फुटांना ५१, साडेनऊ फूट उंचीला ५९. हे तीन स्वर खोली स्वतःच्या मर्जीनं वाजवते. त्यातला ४०चा स्वर लांबीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो आणि पुढच्या-मागच्या भिंतीशी सगळ्यात मोठा असतो. म्हणजे सोफा हौसेनं खोलीच्या मधोमध ठेवलात तर सव्वा लाखाचा सब आणला तरी तिथे ४० ऐकू येणार नाही. मागच्या भिंतीला टेकवलात तर सगळंच ढुमढुम. आमचा सोफा टीव्हीच्या भिंतीपासून नऊ फुटांवर आहे, मागे पाच फूट मोकळे. त्या मोकळ्या जागेबद्दल पाहुणे विचारतात. विचारू द्या.

सबची जागा शोधायची जुनी रीत अजूनही सगळ्यात चांगली आहे. सब उचलून सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवायचा, बासची एक ओळ चालू ठेवायची आणि आपण भिंतीच्या कडेनं रांगत जायचं. जिथे प्रत्येक स्वर सारखा ऐकू येतो तिथे सब ठेवायचा. मी डग्ग्याच्या मिंडीची एक रेकॉर्डिंग लावली होती, कारण मिंडीत स्वर सरकत जातो आणि खोली कुठला गिळते ते लगेच कळतं. कोपऱ्यात आवाज सगळ्यात मोठा येतो आणि माणूस तिथेच फसतो. मला जागा सापडली ती पुढच्या भिंतीला, उजव्या स्पीकरच्या आत, कोपऱ्यापासून अडीच-तीन फुटांवर. नंतर युमिक माइक आणि आरईडब्ल्यू हे फुकटचं सॉफ्टवेअर लावून मोजलं, तर ५१ला थोडा उंचवटा उरलाय, बाकी ठीक.

त्या मोजणीत खिडकी सापडली. वीसपासून वर स्वर चढवत नेला की ४५च्या आसपास खोलीभर झर्रर्र असा आवाज. आधी वाटलं सबच फाटलाय. हात लावत लावत गेलो तर ॲल्युमिनियमचं सरकतं तावदान खालच्या पट्टीत सैल नाचत होतं. काचवाल्याकडून त्या पट्टीत बसणारा ब्रश आणून भरला आणि कडीच्या बाजूला रबराचा तुकडा दाबून ठेवला. मग वरच्या माळ्यावरची स्टीलची पातेली बोलायला लागली. पातेल्यांखाली जुनी चादर. सब घेतलात की घरातली प्रत्येक सैल गोष्ट महिनाभरात आपलं नाव सांगते.

घुमणं कमी करायला पडदे आणि गोधड्या लावतात, त्यानं वरचे स्वर मरतात आणि बास तसाच राहतो, उलट जास्त जाणवतो. मी सुताराकडून चार बाय दोनच्या चौकटी करून घेतल्या, आत चार इंच जाडीचं रॉकवूल, वरून सोफ्याचं कापड. मागच्या दोन कोपऱ्यांत उभ्या आहेत. रॉकवूल कापताना लांब बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला फडकं हवं, नाहीतर खाज उठते. ४०ला याचा फार उपयोग नाही, पण १००च्या वरचं बोलणं एकदम मोकळं झालं.

जुळवणी. रिसीव्हर आपला माइक लावून खोली मोजतो आणि दूरत्व, पातळी ठरवतो. दोन गोष्टी मात्र त्याच्यावर सोडू नका. पुढचे स्पीकर तो कधीकधी पूर्ण पट्ट्याचे समजतो; ते सेटिंगमध्ये 'स्मॉल' करा, म्हणजे खालचा बास सबकडे जाईल, आणि वाटणी ८०ला. सबमधली स्वतःची वाटणी अ‍ॅपवरून बंद करा, नाहीतर एकाच जागी दोन गाळण्या बसतात. सबचं अंतर तो टेपनं मोजलेल्यापेक्षा दोन-चार फूट जास्त दाखवतो, ते बदलू नका. सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. मग उरतो फेज, म्हणजे सबचा आवाज स्पीकरच्या तुलनेत किंचित मागेपुढे सरकवणं. मी सोफ्यावर बसून खर्जाची फाइल चालू ठेवली आणि अ‍ॅपवर फेज ०पासून हळूहळू सरकवत नेला. एका जागी आवाज पोकळ होतो, पुढे भरत जातो, आणि मग एकाएकी तंबोरा समोर येऊन बसतो. बायकोनं शेजारी खरा तंबोरा छेडला तेव्हा दोन्ही खर्जांत फरक उरला होता, पण जात एक होती. "अहो, तुमचा जरा जाड आहे," ती म्हणाली. सबची पातळी दोन डेसिबल खाली आणली आणि तो जाडपणा गेला. सिनेमातली धडधड त्यानं किंचित कमी झाली हे मान्य. सोफा हलावा अशी ज्यांची अपेक्षा असेल त्यांना हा सब सौम्य वाटेल. खाली प्रत्येक सप्तकाला तेवढाच आवाज काढायला कोन चौपट हलावा लागतो, आणि बारा इंची एका कोनाला त्याची मर्यादा आहे.

वायरीबद्दल थोडक्यात. पुण्याच्या तपकीर गल्लीत शंभर फुटी वायर घ्यायला गेलो, दुकानदारानं आपणहून दोन गुंडाळ्या पुढे टाकल्या. "ही सीसीए, ही कॉपर. स्वस्तातली घेतली तर नंतर मला शिव्या देऊ नका." मग नखानं एक तार खरवडून दाखवली: वर तांबूस, आत पांढरी. सीसीए म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. सोळा गेजची शुद्ध तांब्याची घ्या, या मापाच्या खोलीत याहून जाड लागत नाही, आणि हजारो रुपये मीटरच्या वायरीवर एक पैसाही घालू नका.

न्यू जर्सीचा भाचा सब आणतो म्हणत होता. तिकडे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० आणि ५०. मागच्या पाटीवर आपला व्होल्टेज लिहिलेला नसेल तर स्वस्त पडलं तरी नको. ट्रान्सफॉर्मरचं ओझं आणि वॉरंटीचं भांडण दोन्ही गळ्यात. आणि सब सतत हुं करत असेल तर आधी केबल टीव्हीची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. बहुतेक वेळा तो हुंकार तिथूनच येतो. अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला घरी बोलावू नका.

हा संच कोणी घेऊ नये, तर ज्यांचा टीव्ही दिवाणखान्यात आहे आणि तो स्वयंपाकघर, जिना, देवघर या सगळ्यांना उघडा आहे त्यांनी. तिथे एसबी-१००० प्रो दमेल. पीबी घ्या किंवा दोन एसबी. दोन लहान सब एका मोठ्यापेक्षा बरे, हे हार्मनच्या टॉड वेल्टी यांनी २००२ सालीच मांडलं: समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तर खोलीचे काही उंचवटे एकमेकांत विरतात आणि सोफ्यावरच्या प्रत्येकाला जवळपास सारखा बास मिळतो. माझ्या रिसीव्हरला सबसाठी दोन जागा आहेत. मागच्या भिंतीचा मध्य मोजून खडूनं खूणही केलीय. सध्या तिथे बायकोचं शिलाई मशीन आहे आणि वाटाघाटी चालू आहेत.